मध्य म्हणजे समतोल नव्हे

दोघांच्या तंट्यात जो बरोबर मधोमध उभा राहील तोच निःपक्षपाती, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती कितपत खरी, याचा विचार करताना आम्हांस आकाशातील एका हिशेबाचे साहाय्य घ्यावेसे वाटते.

पृथ्वी व चंद्र यांमधील सरासरी अंतर सुमारे ३,८४,००० किलोमीटर. या दोहोंच्या दरम्यान असे एक स्थान आहे, की जेथे दोघांची ओढ सारखीच भरते. ते कोठे असावे? मधोमध म्हणावे, तर पृथ्वीचे वस्तुमान चंद्राच्या सुमारे ८१ पट. तेथे अंतरे सारखी, म्हणून पृथ्वीची ओढही ८१ पटच राहणार. न्यूटनने १६८७ साली प्रसिद्ध केलेल्या नियमाप्रमाणे अंतर दुप्पट झाले की ओढ चौथाई होते, तिप्पट झाले की नवमांश. ८१ चे वर्गमूळ ९. तेव्हा एकूण अंतराचे दहा भाग केल्यास पृथ्वीपासून नऊ व चंद्रापासून एक भाग अंतरावर दोन्ही ओढी समान होतात. म्हणजे पृथ्वीपासून सुमारे ३,४६,००० किलोमीटर, आणि चंद्रापासून अवघे ३८,०००.

बलवानाची ओढ दुरूनही जाणवते. दुर्बलाची जाणवण्यास त्याच्याजवळ जावे लागते. घरच्या वाटणीत मिळवता दीर आणि विधवा भावजय यांच्यामध्ये जो वडीलधारा ‘मी कोणाच्याच बाजूचा नाही’ असे म्हणून मधोमध बसतो, तो न कळत दिराच्याच बाजूस बसलेला असतो. दीर आपले म्हणणे चारचौघांत ठासून मांडतो. भावजयीचा शब्द ओठांतच राहतो. तो ऐकू येईल इतके जवळ जाणे हा पक्षपात नव्हे.

दुर्बलाचेच म्हणणे नेहमी खरे असते काय? तसेही नाही. त्या स्थानाहून आणखी पुढे गेल्यास चंद्राचीच ओढ वरचढ होते.

शिवाय असे स्थान सापडले म्हणजे काम संपले, असेही नाही. तेथून पृथ्वीकडे वा चंद्राकडे किंचित ढळलेली वस्तू आपोआप परतत नाही. ढळली तिकडेच ओढली जाते. भारताचे ‘आदित्य-एल १’ हे यान ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून सुमारे १५ लक्ष किलोमीटरवर, सूर्य व पृथ्वी यांमधील एका समतोल-बिंदूभोवतीच्या कक्षेत पोहोचले. तेथील हिशेबात पृथ्वीचे परिभ्रमणही धरावे लागते. तरी त्या कक्षेतही मार्ग अधूनमधून सुधारावाच लागतो.

म्हणून तंटा सोडविण्यास बसणाऱ्याने प्रथम दोन्ही पक्षांचे बळ जोखावे, मग आपले आसन ठरवावे, आणि निवाड्यानंतरही ते ढळले तर नाही ना, हे पाहत राहावे, अशी सभासद कुटुंबांस आमची विनंती आहे.