लुप्त ओढे आणि अदृष्ट

इंग्लंडच्या उत्तरेस यॉर्कशर डेल्स नावाचा जो डोंगराळ मुलूख आहे, त्याच्या नैर्ऋत्य सीमेवरील सेटल या बाजाराच्या गावाहून निघून, स्टॉकडेलच्या खोऱ्याने चढत मॅलमच्या माळावर जाणारी आणि लँगक्लिफच्या अंगाने पुन्हा सेटलला उतरणारी सुमारे 16 किलोमीटरांची एक वर्तुळाकार घोडेवाट आहे. 1968 च्या कायद्याने त्या देशातील घोडेवाटांवर सायकलस्वारांना वहिवाटीचा हक्क मिळाला, अट एवढीच की पादचाऱ्याला आणि घोडेस्वाराला त्यांनी आधी वाट द्यावी. त्यामुळे जाड टायरांच्या डोंगरी सायकली घेऊन येणाऱ्या मंडळींची येथे सदैव वर्दळ असते. अशा वाटेवर दर्शनशास्त्राच्या अभ्यासकाचे काय काम, असे कोणी विचारील. परंतु अदृष्टाविषयी, म्हणजे आपले कर्म आणि त्याचे फळ यांना जोडणाऱ्या न दिसणाऱ्या दुव्याविषयी, जो प्रश्न मला दीर्घकाळ छळत आला आहे, तो याहून उघड्या स्वरूपात मी अन्यत्र पाहिलेला नाही.

हा सारा प्रदेश चुनखडीचा आहे. सुमारे 33 कोटी वर्षांपूर्वी येथे उष्ण कटिबंधातला उथळ समुद्र होता, आणि त्यातील जीवांच्या कवचांचा जो गाळ तळाशी साचत गेला तोच आज हे पांढुरके कडे होऊन उभा आहे. पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होते आणि खडकाच्या सांध्यासांध्यांतून उतरताना त्यास विरघळवीत जाते. माळावर सायकल आडवी टाकून खडकाच्या उघड्या पठारावर चार पावले चालावे, म्हणजे फरसबंदीसारख्या शिळा आणि त्यांच्यामधल्या हातभर खोल भेगा दिसू लागतात. वर मेंढ्यांनी कुरतडलेले आखूड गवत, आणि भेगेत डोकावले तर जिभेच्या आकाराच्या अखंड, तुकतुकीत पानांचा नेचा, जो खरे पाहता गर्द रानातला रहिवासी. पाऊस भरपूर, पण जमीन कोरडी. कारण ओढे वाहता वाहता मध्येच गुप्त होतात. (हीच चुनखडी ओली झाली की टायर साबणावर पडल्यासारखा सरकतो, हे चढावर दम लागलेल्या माणसाला कोणत्याही ग्रंथावाचून कळते.)

त्या गुप्त होणाऱ्या पाण्याची हकिगत थोडी सविस्तर सांगितली पाहिजे. सुमारे 375 मीटर उंचीवर मॅलम टार्न नावाचे तळे आहे. त्याच्या तळाशी पाणी न झिरपू देणारा जुना पाषाण असल्यामुळेच ते या सच्छिद्र मुलखात टिकले. तळ्यातून निघालेला ओढा थोडे अंतर जातो आणि गोट्यांच्या एका पसाऱ्यात, काहीही गाजावाजा न करता, जिरून जातो. त्याच्या पुढे एक कोरडी घळ सुरू होते, आणि ती घळ नेमकी मॅलम कोव्ह या सुमारे 80 मीटर उंचीच्या अर्धवर्तुळाकार कड्याच्या माथ्यावर जाऊन थांबते. कड्याच्या पायथ्याशी खडकातून एक ओढा बाहेर पडतो. वर पाणी लुप्त झाले, मध्ये त्याचीच जुनी वाट आहे, खाली पाणी प्रकट झाले: यावरून अनुमान काय करावे, हे शेंबड्या पोरासही सांगता येईल, आणि लोकांनी ते पिढ्यान्‌पिढ्या केलेही. पुढे तळ्याचे पाणी मुद्दाम कोंडून सोडून आणि लुप्त होणाऱ्या ओढ्यांत रंग मिसळून पाहिले, तेव्हा असे दिसले की तळ्याचे पाणी मुख्यतः मॅलम गावाच्याही खालच्या अंगास, एअर हेडच्या झऱ्यांतून वर येते. आणि कोव्हच्या पायथ्याशी जे प्रकट होते, ते मुख्यतः वरच्या माळावर एका जुन्या धातुभट्टीजवळ गडप होणाऱ्या दुसऱ्याच ओढ्याचे असते.

आपल्या नैयायिकांचा अनुमानाचा एक ठरीव दाखला नदीचाच आहे. दुथडी भरलेली वेगवान नदी पाहून वर पाऊस पडला असे जाणणे, म्हणजे कार्यावरून कारणाचे अनुमान, असे वात्स्यायनाने न्यायसूत्रांच्या भाष्यात म्हटले आहे. सूत्रकार गौतमाने यावरील आक्षेपही नोंदवून ठेवला आहे: नदी खाली कोठे बांध पडल्यानेही फुगू शकेल, मग हे अनुमान प्रमाण कसे? उत्तर असे की, बांधाने तुंबलेले पाणी आणि पावसाने आलेला पूर यांची लक्षणे निराळी असतात. चूक अनुमानाची नव्हे, लक्षण न पारखता घाई करणाऱ्याची होय. मॅलमच्या माळावर हे उत्तर मला पुरेसे वाटले नाही. कोव्हच्या पाण्यावरून त्याला कोठेतरी उगम आहे एवढे निःशंक सिद्ध होते. तो उगम कोणता, हे मात्र पाण्याकडे कितीही बारकाईने पाहिले तरी सिद्ध होत नाही.

कर्मसिद्धान्ताविषयी आपल्याकडे जे बोलले जाते, त्यात या दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते. यज्ञ आज संपला आणि स्वर्ग मरणोत्तर मिळणार, तर मधल्या काळात त्या कर्माचे सामर्थ्य राहते कोठे, या अडचणीतून मीमांसकांनी ‘अपूर्व’ मानले. नैयायिकांनी धर्माधर्मरूप अदृष्ट आत्म्याच्या ठिकाणी मानले. दोघांची भूमिका संयमाची आहे. परंतु शेजाऱ्याचे मूल अधू जन्मले की ओटीवर बसून ‘गेल्या जन्मीचे भोग’ असा निकाल देणारा गृहस्थ काय करतो? फळास कारण असते या सामान्य सिद्धान्तावरून तो एकदम विशिष्ट कारणाचा पंचनामा लिहून मोकळा होतो. त्याला दिसते ती केवळ कोरडी घळ, आणि ती सरळ असल्यामुळे त्याची खात्री पटते. तेच शब्द आई स्वतःविषयी म्हणते तेव्हा ते अनुमान नसते, दुःख सोसण्याची ती एक रीत असते. तिच्याशी वाद घालण्याचा अधिकार कोणास आहे असे मला वाटत नाही.

याच माळाच्या दप्तरात दानाचेही एक प्रकरण आहे. 1132 साली स्थापन झालेल्या फाउंटन्स ॲबी या सिस्टर्शियन मठाकडे येथील विस्तीर्ण कुरणे होती. सरदार-जमीनदारांनी आपल्या व पूर्वजांच्या आत्म्यांच्या उद्धारासाठी मठांना जमिनी इनाम द्याव्यात, ही तेव्हाची रीतच होती. मठाने त्यांवर मेंढ्या पाळल्या, लोकर परदेशी व्यापाऱ्यांना विकली, आणि किल्न्सीहून मॅलमच्या माळावर येणारी मॅस्टाइल्स लेन ही वाट त्याच कारभारासाठी राबती ठेवली. 1539 साली आठव्या हेन्रीच्या अमलात मठ खालसा झाला. दात्यांना स्वर्ग मिळाला की नाही हे त्यांचे त्यांना ठाऊक; त्यांच्या दानाचे जे दृष्ट फळ आज हाती लागते ते मेंढ्यांनी उघडा ठेवलेला डोंगर आणि सायकलस्वारांची एक वाट, आणि हे फळ कोणत्याही दानपत्रात लिहिलेले नव्हते.

परतीच्या वाटेवर, लँगक्लिफच्या वरच्या कड्यात, व्हिक्टोरिया केव्ह आहे. 1837 मध्ये सापडलेल्या या गुहेत पाणघोडा, गेंडा, हत्ती आणि तरस यांची हाडे मिळाली, सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वीच्या एका उबदार कालखंडातील. इंग्लंडच्या या गारठ्यात पाणघोडा नांदत होता हे विधान ऐकताना हास्यास्पद वाटते, तरी ते मी विनातक्रार मान्य करतो. कारण हाड हाती आहे आणि ते ज्या थरात सापडले तो थरही तपासता येतो. पूर्वजन्माविषयी ठामपणे बोलणाऱ्यांकडे असा थर कोणता?

कर्मवादी यावर एक दाखला देऊ शकेल. 2015 च्या डिसेंबरात अतिवृष्टी झाली, वरच्या भेगांना पाणी गिळवेना, कोरडी घळ वाहू लागली आणि मॅलम कोव्हच्या माथ्यावरून, हयात माणसांच्या आठवणीत प्रथमच, धबधबा कोसळला. म्हणजे सरळ रेषेचे ते जुने अनुमान अगदीच पोकळ नव्हते. हे खरे आहे, आणि सरळ दिसणारा संबंध कधीच खरा नसतो असे माझे म्हणणेही नाही. पण त्या दिवशी कड्याखाली उभ्या असलेल्यांना अनुमान करावेच लागले नाही. पाणी कोठून येते ते त्यांना दिसत होते.