चार कट्टे हळद

हिंगोलीच्या मोंढ्यात मी १९८९ पासून मुनीम आहे. तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यात होती. वेगळा जिल्हा झाला १ मे १९९९ ला. ज्या म्हाताऱ्या मुनीमजींच्या हाताखाली शिकलो, त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "वहीला ब्लेड लावायचं नाही." आकडा चुकला तर त्यावर एक आडवी रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा, बाजूला सही करायची. चुकलेला आकडाही वाचता आला पाहिजे. लक्ष्मीपूजनाला नवी वही पाटावर मांडली जायची, पहिल्या पानावर श्री. देव त्या वहीत येऊन बसतो, असं मला खरोखर वाटायचं.

२०१७ च्या १ जुलैला जीएसटी आला. मग १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस लागू झालं आणि आमची हळदीची पेढी त्यात बसली. आता बिल आमच्या संगणकावर बनतं, पण सरकारी पोर्टलवर जाऊन आल्याशिवाय ते बिल ठरत नाही. विकणाऱ्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि बिलाचा नंबर, एवढ्यातून ६४ अक्षरांचा आयआरएन, म्हणजे त्या बिलाचा ओळख-क्रमांक निघतो. बिलाच्या नंबरातला एक आकडा बदलला तरी सगळा आयआरएन बदलतो. पोर्टल आपली डिजिटल सही करून क्यूआर परत पाठवतं. बिल रद्द करायचं तर चोवीस तासांच्या आत, आणि त्या मालाच्या वाहतुकीचं ई-वे बिल चालू असेल तर तेही होत नाही. रद्द झालेला नंबर पुन्हा कधी वापरता येत नाही. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मुनीमजींची आडवी रेघ आठवली आणि या यंत्राबद्दल मनात आदर निर्माण झाला. तो अजून आहे.

पण गेल्या वैशाखातली एक संध्याकाळ डोक्यातून जात नाही. सांगलीच्या एका व्यापाऱ्याला साठ कट्टे हळद पाठवायची होती. बिल केलं, आयआरएन आला, ई-वे बिल निघालं, गाडी गेली. दिवा लावायच्या वेळी हमाल सहज बोलून गेला, "मुनीमजी, कोपऱ्यातल्या थप्पीतलेबी चार कट्टे गेले की हो." कोपऱ्यातली थप्पी हलक्या मालाची होती.

बिल पुन्हा उघडून पाहिलं. साठ कट्टे म्हटलं होतं, साठच गेले होते. वजन बरोबर. मालाचा एचएसएन क्रमांक ०९१०, कर पाच टक्के, बरोबर. सरकारचा एक रुपयाही बुडाला नव्हता. पोर्टलच्या एकाही रकान्यात चूक नव्हती, कारण चांगली हळद आणि हलकी हळद यांत फरक करणारा रकानाच तिथे नाही. मग खोटं होतं कुठे?

कीर्तनात साक्षी हा शब्द लहानपणापासून ऐकत आलो. साक्षी सगळं पाहतो, लिहीत काहीच नाही. आमचं पोर्टल सगळं लिहून घेतं आणि पाहत काहीच नाही. आम्ही जे बोललो ते पोर्टल पक्कं करून ठेवतं, इतकं पक्कं की मागाहून कुणाला बदलता येऊ नये. बोललेलं खरं होतं का, हे त्याला विचारून उपयोग नाही.

औंढा नागनाथ आमच्याच जिल्ह्यात, नामदेवांची नर्सीही. विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजले होते ही गोष्ट आमच्याकडे औंढ्याचीच मानतात. नामदेवांनी हटकलं तेव्हा ते म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय ठेव. पाय जिकडे फिरवावेत तिकडे पिंडी. ही गोष्ट देव सगळीकडे आहे हे शिकवण्यासाठी सांगतात, एवढंच मी धरून होतो. त्या रात्री ती वेगळी कळली. मीसुद्धा पाय ठेवायला जागाच शोधत होतो, पोर्टलची नजर पोचत नाही अशी गोदामातल्या कोपऱ्याची जागा.

आणि अशी जागा मोठी आहे. सेनगाव, औंढ्याकडचे किराणावाले आमच्याकडून माल नेतात. नोंदणी असलेल्या दुकानदाराची खरेदी आमच्या बिलावरून पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला त्याच्या जीएसटीआर-२बी या खरेदीच्या तक्त्यात दिसते. त्याची स्वतःची उलाढाल पाच कोटींच्या आत, त्यामुळे त्याच्या विक्रीला आयआरएन लागत नाही. घरगुती गिऱ्हाइकाला विकलेल्या पाव किलोला तर कुणालाच लागत नाही. शेतकऱ्याच्या हातात पडते ती आडतीची पट्टी, तिच्यावरही आयआरएन नसतो. म्हणजे लहान माणूस जिथे माल देतो किंवा घेतो, तिथेच नोंद सर्वांत पातळ होते. पुढचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी विवरण भरलं नाही तर त्या किराणावाल्याच्या २बी मध्ये माझं बिल येतच नाही, आणि त्याने मला दिलेल्या कराचं क्रेडिट त्याला मिळत नाही. ज्याचं कर्म त्याला, असं आपण म्हणतो. इथे आळस माझा आणि भरणं त्याचं. मुनीमाच्या कामाला मी धर्म म्हणतो तो यासाठी.

देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या पदरी असताना एकनाथ एका पैची चूक शोधत रात्रभर जागले, असं सांगतात. सापडल्यावर झालेला त्यांचा आनंद सगळे सांगतात. मला त्याहून मोठं वाटतं ते हे, की ती पै त्यांच्याकडे कुणी मागितलेली नव्हती.

मी त्याच रात्री पेढीच्या मालकांच्या, शेठजींच्या घरी गेलो. ऐकून ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सकाळी फोन लावा." गाडी अजून उतरायची होती. व्यापाऱ्याने चार कट्टे ठेवून घेतले आणि भाव कमी करून मागितला. तो रास्त होता. शेठजींनी दिला.

चोवीस तासांत बिल रद्द करायचा प्रश्नच नव्हता, गाडी ई-वे बिलावर रस्त्याला लागलेली. मग फरकाची क्रेडिट नोट केली. तेव्हापासून कुठल्याही बिलाचं बटण दाबायच्या आधी मी स्वतः गोदामात जाऊन थप्प्या पाहून येतो. हाताखालच्या दोन पोरांनाही नेतो. ती क्रेडिट नोट पोर्टलवर गेली, तिलाही आयआरएन मिळाला, ६४ अक्षरांचाच. दोन्ही कागद मी एकाच फाइलीत एकामागे एक लावले आहेत. मोबाइल धरला की दोन्हींचे क्यूआर सारखेच उघडतात.