एका दिवसाची प्रीती

शास्त्रपाठ : १ करिंथ १३:४-७



फेब्रुवारी उजाडला की धार व देवास येथील आपल्या मराठी घरांतही १४ तारखेचा विषय निघतो. शेजारी म्हणतात, "हा तर तुमचा सण!" मुले विचारतात, "खरेच का?" आणि वडील मंडळी रागावून गप्प बसवितात. रागावण्यापूर्वी माहिती करून घेणे बरे.

व्हॅलेंटाइन हा रोमचा एक प्राचीन हुतात्मा. त्याच्या स्मरणदिनाशी प्रेमिकांचा संबंध जुळला तो चौदाव्या शतकात, चॉसर या इंग्रज कवीने त्या दिवशी पाखरे जोडीदार निवडतात असे वर्णन केले तेव्हा. १८४० साली इंग्लंडात टपाल स्वस्त झाले आणि चिठ्ठ्यांची चाल फोफावली. आपल्याकडे १९९० नंतर बाजाराने ती रुजविली. म्हणजे पवित्र शास्त्राने नेमून दिलेला हा सण नव्हे.

पण तो केवळ परक्यांचा, असेही म्हणू नये. १९०३ साली धार येथे काशिनाथ कृष्ण लेले यांच्या पाहण्यात एक कोरीव शिळा आली. तिच्यावर 'पारिजातमंजरी' ही नाटिका आहे. परमार राजा अर्जुनवर्मा याच्या पदरी असलेल्या मदन कवीने तेराव्या शतकाच्या आरंभी ती वसंतोत्सवासाठी रचली. वसंत आला की प्रीतीचा उत्सव करावा, असे माळव्यालाही वाटत होतेच.

त्या नाटिकेच्या दुसऱ्या अंकात राजा राणीजवळ आहे. राणीच्या कर्णभूषणात त्याला दुसऱ्याच युवतीचे प्रतिबिंब दिसते आणि त्याची नजर तेथेच खिळते. राणीला संशय येतो. ती रागाने निघून जाते. चार अंकांपैकी एवढे दोनच अंक हाती लागले आहेत.

बंधूंनो, उत्सव राजाचा झाला, राणीचे काय? सणाची प्रीती डोळ्यांना जे गोड लागते त्यामागे धावते. पौल जी प्रीती सांगतो तिच्यात फुले नाहीत, भेटी नाहीत. सोसणे आहे, स्वतःचे न पाहणे आहे. ती १५ तारखेला सुरू होते.

तरुणांनो, ज्याला फूल द्याल त्याच्या आजारपणात उशाशी बसाल काय, हे आधी मनाला विचारा. वडीलधाऱ्यांनो, मुले मनातले आपल्यापासून लपवितात, याचा दोष त्या तारखेवर टाकू नका. ज्या घरात पती पत्नीशी वर्षभर दोन गोड शब्द बोलत नाही, त्या घरातील मुले प्रीतीचा अर्थ बाजारातच शोधणार.

आज संध्याकाळी घरी जाल तेव्हा जवळ बसलेल्या माणसाचाच चेहरा पाहा. ज्याने आपल्यावर शेवटपर्यंत प्रीती केली, तो प्रभू आपणांस ही कृपा देवो. आमेन.