प्रश्न पोहोचेपर्यंत

हे वाचताना तुमचे डोळे गुंतलेले आहेत, कान मोकळे आहेत. जरा कानांकडे लक्ष द्या. पंखा फिरतोय. आत कुणीतरी भांडी घासतंय. रस्त्यावर कुणाची तरी मोटरसायकल काही केल्या सुरू होत नाहीये. यातलं काहीही ऐकण्यासाठी तुम्हाला मान वर करावी लागली नाही. कुणी नाव घेऊन हाक मारली तर तीही पोहोचेल, ओळ न सुटता. वाचणं आणि ऐकणं ही दोन कामं एकाच वेळी चालली आहेत आणि त्याचं तुम्हाला काही विशेष वाटतही नाही.

आता दुसरं काम बाजूला काढा. शांततेची कल्पना मात्र करू नका. कर्णबधिर माणूस म्हटलं की आपल्याला लगेच शांतता आठवते, आणि त्यातून त्याच्याबद्दल फारसं काही कळत नाही. एवढंच धरा की कानांचं सगळं काम डोळ्यांवर येऊन पडलं आहे, आणि डोळे एका वेळी एकाच जागी असतात. इथे थोडं थांबा. ही गोष्ट वाचून लगेच पटते, पण अंगात उतरायला वेळ लागतो.

उतरली की गोंदिया जिल्ह्यातला एक वर्ग समोर आणा. देवरीकडचा आणा, नाहीतर अर्जुनी मोरगावचा. सातवीचा वर्ग. खिडकीबाहेर पाणी भरलेल्या धानाच्या बांध्या. तुम्ही दुसऱ्या बाकावर बसला आहात, तुम्हाला ऐकू येत नाही, आणि या वर्गाला सांकेतिक भाषेची एक दुभाषी मिळाली आहे असं समजू. समजूच, कारण 2011च्या जनगणनेत देशात 50 लाखांहून अधिक लोकांच्या नावापुढे श्रवणदोषाची नोंद झाली आणि रीतसर शिकलेले दुभाषी मात्र सगळ्या देशात मिळून काही शेकड्यांत मोजावे लागतात. त्यातली एक देवरीच्या शाळेत रोज येते, हे आजच्या घडीला मनातल्या मनातच शक्य आहे.

ती फळ्याच्या बाजूला उभी आहे. खिडकी तिच्या पाठीशी नाही. असती तर उजेडासमोर तिचा चेहरा काळा पडला असता, आणि चेहरा गेला की अर्धं वाक्य गेलं. भुवया, डोळे, मानेचा नकार हे सगळं या भाषेच्या व्याकरणात येतं. तिच्या अंगात साधा, एकरंगी, बिननक्षीचा कुर्ता आहे, हात उठून दिसावेत म्हणून.

सर भूमितीत शिरले आहेत. ‘हे बघा, इथून इथपर्यंत एक रेषा,’ असं म्हणत त्यांचा खडू चालतो. इथून म्हणजे कुठून? फळ्याकडे बघाल तर हात सुटतात. हातांकडे बघाल तर रेषा ओढून झालेली असते. शेजारची मुलगी वहीत मान घालून उतरवून घेतेय आणि त्याच वेळी ऐकतेय. तुम्ही मान खाली घातली की धडा थांबतो, तुमच्या एकट्यापुरता, आणि वर बघेपर्यंत पुढे गेलेला असतो.

सर प्रश्न विचारतात. या क्षणात नीट शिरा, तो फार लहान आहे. प्रश्न सरांच्या तोंडून निघाला. दुभाषीने तो ऐकला. मराठी वाक्याचा कल शेवटच्या क्रियापदाशी कळतो, ‘नाही’ असेल तर तेही तिथेच असतं, म्हणून ती वाक्य संपेपर्यंत थांबली. मग तिचे हात उठले. तेवढ्यात वर्गातही हात उठले, पण ते उत्तराचे. तुम्हाला अजून प्रश्न यायचाय आणि सरांनी उत्तर देणाराही निवडला आहे. सर विनोद करतात तेव्हाही हेच होतं. आधी सगळ्यांच्या चेहऱ्यावर हसू दिसतं, मग कारण कळतं, आणि तोवर हसायची वेळ टळलेली असते. दुभाषी कितीही निष्णात असली तरी हे अंतर राहतंच. ते कमी करणं तिच्या हातात नाही. प्रश्न विचारून झाल्यावर चार-पाच सेकंद कुणालाही न निवडणं सरांच्या हातात आहे, आणि त्याला कुठली योजना किंवा निधी लागत नाही.

आता बाकावरून उठा आणि तिच्या जागी उभे राहा.

एक वाक्य कानात शिरतंय, आधीचं हातांतून बाहेर पडतंय. दोन्ही एका वेळी. आतलं नीट ऐकायला गेलात की हात अडखळतात. वीस-तीस मिनिटांत डोकं जड होतं आणि चुका वाढतात. म्हणून जिथे व्यवस्था नीट असते तिथे दोघं असतात आणि आलटूनपालटून काम करतात. इथे तुम्ही एकट्याच आहात आणि पुढे विज्ञानाचा तास आहे. ‘प्रकाशसंश्लेषण’ आलं. त्यासाठीची खूण तुम्हाला ठाऊक असेल, पण समोरच्या मुलाला नसेल, तर मग पान दाखवायचं, वरून पडणारं ऊन दाखवायचं, मुळातून चढणारं पाणी, पानात तयार होणारं अन्न. तोवर सर हरितद्रव्यावर पोचलेले असतात. हे शिकवणं झालं की भाषांतर? त्यातली सीमा कुठे, यावर जगभरच्या शाळांतले दुभाषी वाद घालत आले आहेत. माझा कौल असा की ती सीमा दुभाषीने एकटीने सांभाळायची गोष्टच नाही. उद्या काय शिकवणार हे सरांनी आदल्या दिवशी तिला सांगितलं, तर निम्मा वाद मिटतो.

आणखी एक मोह आहे, तोही अनुभवून बघा. मुलाला उत्तर येत नाहीये, तुम्हाला येतंय, हात तुमचेच आहेत. थोडीशी सूचना द्यावी? सर तुमच्याकडे बघून म्हणतात, ‘त्याला विचारा, समजलं का.’ त्याला विचारा! तो समोर बसलाय. हे वाक्यही तुम्ही जसंच्या तसं हातांनी सांगता, आणि मुलाला कळतं की सर आपल्याशी बोलत नसून आपल्याबद्दल बोलताहेत.

इथवर आपण एक गोष्ट गृहीत धरून आलो. तिच्याकडे आता सावकाश वळू. हातांवरून आलेलं त्या मुलाला समजतं, असं आपण धरून चाललो. त्याला ते कुठून यावं?

कर्णबधिर मुलांपैकी दहात नऊ, किंवा त्याहून जास्त, ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. घरात खुणा असतात: जेवण, पाणी, गाय, बाबा म्हणजे मिशा, आजी म्हणजे डोईवरचा पदर. तेवढ्यात दिवस निघतो. पण ‘काल का नाही आलास’ हे त्यात बसत नाही, आणि ‘समजा, असं झालं असतं तर’ हे तर मुळीच नाही. जिल्ह्यात भाषांची वाण नाही. एकाच बाजारात झाडीबोली, पोवारी, हिंदी, छत्तीसगढी ऐकू येते, सालेकसा-देवरीकडे गोंडी. घरी गोंडी बोलणारं पोर पहिलीत मराठीपुढे गोंधळतं, तेव्हा चौथीतली बहीण मध्ये पडून सांगते. ते पोर घरून एक अख्खी भाषा घेऊन आलेलं असतं. तिच्यावर मराठी उभी राहते. कर्णबधिर मूल पुष्कळदा तेवढंही न घेता शाळेत येतं. त्याच्यापुढे उत्तमातली उत्तम दुभाषी उभी केली, तरी ते नुसते हलणारे हात बघतं.

सांकेतिक भाषा ती बोलणाऱ्यांकडूनच येते, म्हणजे इतर कर्णबधिर मुलांकडून आणि मोठ्यांकडून. आणि शाळांनी नेमकी तीच वाट दीर्घकाळ अडवून धरली. 1880 साली इटलीत मिलान इथे शिक्षकांची परिषद भरली आणि कर्णबधिरांना ओठांवरून आणि उच्चारातूनच शिकवावं, हात नकोत, असा ठराव झाला. मत देणारे जवळजवळ सगळे ऐकणारे होते. त्याच दशकात मुंबईत देशातली पहिली कर्णबधिर शाळा निघाली आणि पुढे आपल्याकडेही बोलण्यावर भर देणारी पद्धतच रुजली. हात मागे बांधायला लावणं, हातांवर पट्टी मारणं, असं बऱ्याच जुन्या विद्यार्थ्यांनी भोगलं आहे. तरी भाषा मेली नाही. तास संपल्यावर, वसतिगृहात दिवे जाईपर्यंत, मोठ्या मुलांकडून लहानांकडे ती जात राहिली. 1970च्या दशकात स्वतः कर्णबधिर असलेले मदन वसिष्ठ आणि जेम्स वुडवर्ड या अभ्यासकांनी दिल्ली, मुंबई, कलकत्ता, बंगळूर इथल्या खुणा गोळा केल्या, तेव्हा शहरागणिक काही खुणा बदलल्या तरी भाषा एकच असल्याचं दिसलं. ती कुठल्याही शाळेने शिकवली नव्हती.

पुढचं सरकारी काम अलीकडचं आहे. 2015 मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र सुरू झालं, 2021 पर्यंत त्याच्या शब्दकोशात 10,000 शब्द जमले, पाठ्यपुस्तकं या भाषेत आणण्यासाठी 2020 मध्ये एनसीईआरटीशी करार झाला. दुभाषी तयार करणारी पदविका तिथे आहे, वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेतही आहे. वांद्रे गोंदियाहून हजारेक किलोमीटर, विदर्भ एक्स्प्रेसची एक रात्र आणि वर काही तास. सगळं उपयोगाचं आहे. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं 17वं कलम. सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक नेमा, त्यात स्वतः दिव्यांग असलेलेही नेमा, असं ते सांगतं. कर्णबधिर तरुणांना ही भाषा शिकवण्यासाठी तयार करणारी वेगळी पदविकाही दिल्लीच्या केंद्रात आहे. गोंदियाला एकच माणूस मिळणार असेल, तर मी आधी असा कर्णबधिर शिक्षक मागेन, आणि तोही दूरदूरच्या चार गावांतली पोरं आठवड्यातून काही दिवस तरी एकत्र आणून. दुभाषी त्यानंतर. एकट्या मुलासमोर उभी केलेली दुभाषी त्या मुलासाठी वर्गातलं एकमेव बोलणारं माणूस ठरते, आणि सुटीत ती चहाला गेली की वर्ग मुका होतो.

तर मघाच्या वर्गात आता भाषा असलेलं मूल बसवा. दोन-तीन वर्षं त्याने मोठ्या कर्णबधिरांमध्ये काढली आहेत. शेजारच्या मुलीला त्याच्याकडून पंधरा-वीस खुणा आल्या आहेत, त्यातल्या निम्म्या सरांना कळू नयेत अशा. धडा शेतीचा. सर सांगतात, धानाचे पऱ्हे टाकायचे, मग चिखलात रोवणी करायची. प्रश्न विचारून सर थांबतात. या वेळी खरंच थांबतात. मुलाचा हात वर होतो. तो मान हलवतो, मग मुठीतून काहीतरी भिरकावल्यासारखं करतो, पुन्हा भिरकावतो, छातीवर बोट टेकवतो.

दुभाषी शहरातली आहे. ती त्याच्या वतीने ‘मी’ म्हणूनच बोलते: ‘सर, मला पटलं नाही. आमच्या शेतात रोवणी करत नाहीत. बी नुसतं… फेकतात.’ तिला तो शब्द ठाऊक नाही. ती अडते.

‘आवत्या!’ मागच्या बाकावरून तिघं-चौघं एकदम ओरडतात.

दुभाषी त्या पोरांकडे बघते, मग मुलाकडे, आणि त्याची भिरकावण्याची खूण त्याच्याच पद्धतीने करून दाखवते. तो मान डोलावतो आणि दुसरा प्रश्न टाकतो: मग रोवणीत उत्पन्न जास्त येतं का? सर आधी दुभाषीकडे बघतात. मग त्याच्याकडे वळून हिशेब सांगायला लागतात, खडू खाली ठेवून.