साक्षेप आणि सावधपण

शिवथरच्या घळीत समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. पोट भरण्यासाठी केलेला उद्योग आणि लोकांवर चालवलेली सत्ता परमार्थाच्या आड येते का, या प्रश्नाला या ग्रंथाने सरळ हात घातला आहे. बाराव्या दशकाच्या आरंभी समर्थ आधी प्रपंच नीट करायला सांगतात. घरात अन्न नसेल तर परमार्थ कसला, असे त्यांचे रोखठोक म्हणणे. अकराव्या दशकात ते हरिकथेखालोखाल राजकारणाला स्थान देतात, मग सर्व बाबतींतले सावधपण आणि त्यानंतर साक्षेप, म्हणजे अखंड उद्योग.

शिवथरच्या शेजारच्या माणगाव तालुक्यातील नांदवीचे मनोहर जोशी (१९३७–२०२४) यांचे चरित्र या कसोटीला लावण्याजोगे आहे. घर गरीब भिक्षुकाचे, शिक्षण माधुकरी मागून. मुंबई महापालिकेतील कारकुनी सोडून त्यांनी १९६१ साली कोहिनूर टेक्निकल इन्स्टिट्यूट काढली. वायरमन, प्लंबर, रेडिओ दुरुस्त करणारा अशी हातची कामे तिथे शिकवली जात. कोकणातून आलेल्या मुलाला कसब देणे हा धंदा खरा, पण त्यात परोपकारही होता. समर्थांना अभिप्रेत असलेला नेटका प्रपंच तो हाच. ज्या महापालिकेत ते कारकून होते, तिचेच ते १९७६ मध्ये महापौर झाले. पुढे १९९५ मध्ये मुख्यमंत्रिपद आणि २००२ मध्ये लोकसभेचे अध्यक्षपद आले.

अवघड भाग सावधपणाचा. जोशी मुख्यमंत्री असताना पुण्यातील प्राथमिक शाळेसाठी राखीव असलेल्या भूखंडाचे आरक्षण बदलले गेले आणि तिथे त्यांच्या जावयाची इमारत उभी राहिली. या वादाच्या काळातच, १९९९ च्या जानेवारीत, त्यांना पद सोडावे लागले. २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आरक्षणातील तो बदल बेकायदा ठरवला. घर सांभाळणे हा गृहस्थाचा धर्म आहे, पण राज्यकर्त्याच्या हाती सगळ्यांच्या मुलांची शाळा असते. आपल्या माणसाचा प्रश्न येतो तिथेच त्याने अधिक जागे राहायला हवे. दासबोध धंद्याला किंवा सत्तेला कमी लेखत नाही, मात्र दोन्हींवर सावधपणाचा पहारा ठेवतो. त्या मापाने जोशी साक्षेपात पुरेपूर उतरतात आणि सावधपणात उणे पडतात.