दुकान खिशात, वागणं चव्हाट्यावर

मालवणच्या बाजारात काजू, कोकम, खाजं, मालवणी मसाला यांची दुकानं ओळीने दिसतात. जमिनीचं दुकान मात्र सहसा दिसत नाही. जमिनीचा एजंट तहसील कचेरीसमोरच्या चहाच्या टपरीवर असतो, दुय्यम निबंधकांच्या पायरीवर असतो, नाहीतर मागे गिऱ्हाईक बसवून दुचाकीवरून आचऱ्याला, देवबागला निघालेला असतो. पाटी नाही, काउंटर नाही. माल दुसऱ्याचा, पैसे तिसऱ्याचे. मधे उभं राहायला त्याच्याजवळ एकच भांडवल असतं, लोकांचा विश्वास. आणि हे भांडवल हल्ली कित्येक एजंट रोज सकाळ-संध्याकाळ मोबाइलवर स्वतःच्या हाताने उधळताना दिसतात.

अशा एखाद्या एजंटाचं एका दिवसाचं व्हॉट्सॲप स्टेटस बघा. सकाळी सातला देव रामेश्वराचा फोटो आणि सुप्रभात. साडेनवाला ‘सी-टच एनए प्लॉट, फक्त दोन शिल्लक’. दुपारी कुठल्यातरी पुढाऱ्याला शेलक्या शिव्या, त्याला जोडून एखाद्या जातीवरचा किंवा धर्मावरचा विनोद. चारच्या सुमारास निबंधक कार्यालयाच्या दारात पेढे भरवतानाचा फोटो, खाली ‘अजून एक डील डन’. रात्री खाडीकाठची पार्टी, तळलेला बांगडा आणि भरलेले ग्लास. त्याच दुपारी त्याने पुण्याच्या एका गिऱ्हाइकाला ‘बाहेरगावी मीटिंगमध्ये आहे, उद्या कागद पाठवतो’ असं कळवलेलं असतं. ते गिऱ्हाईकही रात्री तो बांगडा बघतं.

यावर शहाणी मंडळी ठरलेला सल्ला देतात. दोन खाती ठेव, एक धंद्याचं, एक घरचं. राजकारण घरच्या खात्यावर, प्लॉट धंद्याच्या. फोटो नीट काढ, रोज एक रील टाक. मला हा सल्ला पटत नाही. एक तर मालवण तालुक्यात तो चालतच नाही. इथे एजंटाचा नंबर विकणाऱ्याकडे, घेणाऱ्याकडे, ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, वकिलाकडे, सासुरवाडीला आणि गावच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर एकच असतो. खाती दोन केली तरी माणूस एकच राहतो आणि गजालीत त्याचं सगळं एकत्र येतं. दुसरं म्हणजे, हा सल्ला फक्त तोंड रंगवायला शिकवतो. आपल्या दशावतारात रात्री राजा झालेला नट सकाळी आपला बोजा डोक्यावर घेऊन चालू लागतो. त्यात फसवणूक नसते, कारण समोर बसलेल्या प्रत्येकाला तो रंग ठाऊक असतो. एजंटाच्या रंगवलेल्या खात्यावर पुण्या-मुंबईचा माणूस आयुष्यभराची पुंजी लावतो.

म्हणून माझं म्हणणं उलट आहे. एजंटाचं खासगी खातं बघून गिऱ्हाईक त्याच्याबद्दल मत बनवतं, ते योग्यच करतं. दुसऱ्याची जमीन, दुसऱ्याचं गुपित आणि खरं-खोटं यांच्याशी हा माणूस कसा वागतो, हे तिथे उघड दिसतं. लपवायचं काय, हा प्रश्न गौण आहे. सुधारायचं काय, ते बघायला हवं.

सगळ्यात मोठं नुकसान होतं ते सामाईक जमिनीच्या फोटोने. कोकणातला सातबारा ज्याने पाहिला आहे त्याला हे सांगावं लागत नाही. आजोबांच्या नावाखाली चार मुलगे, त्यांच्याखाली त्यांचे वारस, दोन आत्यांची नावं, एका मयताची नोंद अजून तशीच, इतर हक्कात कुळाचं नाव. जमीन साडेतीन एकर, नावं वीस. यातला गावात राहणारा एक भाऊ एजंटाला सहज म्हणतो, ‘बघ कोण मिळता काय.’ एजंट त्याच संध्याकाळी कलमबागेत उभा राहून व्हिडिओ काढतो. गडगा, विहीर, मागे समुद्राची निळी रेघ, वर गाणं, आणि भाव. अर्ध्या तासात तो व्हिडिओ परळच्या पुतण्याकडे आणि डोंबिवलीच्या आतेभावाकडे पोचतो. ‘माका इचारल्याशिवाय आमची कलमा कोण इकता?’ असा फोन रात्रीच गावात येतो. पुढचं ठरलेलं. तो भाऊ म्हणतो मी काही बोललोच नव्हतो, पुतण्या वकिलाकडे जातो, गणपतीत एका घरात दोन चुली पेटतात. व्यवहार तर मोडतोच. खरं तर सगळ्या हिस्सेदारांना एकत्र बसवून, हिशेब समजावून, सहा महिन्यांनी तो सगळ्यांच्या राजीखुशीने झालाही असता. अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओने एजंटाची दलाली गेली आणि एका घराण्याचं बोलणं बंद झालं. यातलं पहिलं नुकसान एजंटाचं. दुसऱ्याचा जाब त्याला कुणीच विचारत नाही.

पेढ्यांचा फोटोही साधा नाही. खरेदीखताच्या दिवशी आनंद असतो हे मान्य. पण फोटोतली ती नऊवारीतली आजी आज पहिल्यांदा एवढे पैसे बघते आहे, हे तुम्ही आठशे लोकांना सांगितलंत. उद्या तिच्या दारात उसने मागणारे येतील, परवा बँकेतून बोलतोय म्हणणारा भामटा फोन करेल. घेणाऱ्याचंही तेच. त्याने भावाला, भागीदाराला, कदाचित बायकोलाही अजून सांगितलेलं नसतं. कधी फोटोच्या कोपऱ्यात दस्ताचं पान दिसतं, त्यावर आधार क्रमांक असतो. डॉक्टरने रुग्णाचा फोटो असा लावला असता तर आपण गप्प बसलो असतो का? जमिनीच्या व्यवहारात माणूस डॉक्टरसमोर होतो तितकाच उघडा होतो. त्याची संमती तोंडदेखली विचारणं म्हणजे संमती नव्हे. पेढा तोंडात असताना कुणी नाही म्हणत नाही.

आता त्या ‘सी-टच’कडे वळू. किनाऱ्यावरची जमीन कशाने बांधलेली आहे हे एजंटाला ठाऊक असतं. किनारी नियमन क्षेत्राचे नियम १९९१ पासून आहेत, पुढे २०११ आणि २०१९ मध्ये बदलले. विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत नव्या बांधकामाला एरवी मनाई असते. देवबागसारखं गाव म्हणजे एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधे चिंचोळी पट्टी. तिथे लाटेला हात लागेल असा प्लॉट म्हणजे बहुधा बंगला बांधता येणार नाही असा प्लॉट. शेतजमिनीचं आणखी वेगळं. १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला ती परवानगीशिवाय घेता येत नाही. हे सगळं माहीत असून स्टेटसवर फक्त ‘गुंतवणुकीची सुवर्णसंधी’ लिहिणं याला साध्या मराठीत खोटं बोलणं म्हणतात. विचारलं तर उत्तर मिळतं, ‘अहो, ती जाहिरात नाही, माझं पर्सनल स्टेटस आहे.’

कायदा ही पळवाट मानत नाही, निदान जिथे तो लागू होतो तिथे. स्थावर संपदा कायदा २०१६ चा, महाराष्ट्रात महारेरा सुरू झालं १ मे २०१७ ला. नोंदणीकृत प्रकल्पातला प्लॉट किंवा फ्लॅट विकायला मदत करणाऱ्या एजंटाला स्वतःची नोंदणी करावी लागते, आता त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही आहे. खोटी किंवा दिशाभूल करणारी विधानं त्याला कलम १० ने मना आहेत. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा झाला, समाजमाध्यमांवरच्या जाहिरातींतसुद्धा. पण सिंधुदुर्गात बरीचशी दलाली सुट्या शेतजमिनीची, कलमबागांची, वडिलोपार्जित घरांची. तिथे महारेरा पोचत नाही. तिथे एजंटाला आवरणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे त्याची स्वतःची लाज. म्हणूनच हा विषय कायद्यावर सोडून भागत नाही.

त्या दुपारच्या विनोदाबद्दल मला थोडं कडक बोलायचं आहे. या किनाऱ्यावर गाबीत आहेत, भंडारी आहेत, मराठा, ब्राह्मण, दलित, ख्रिस्ती, मुसलमान आहेत. जमीन सगळ्यांकडे थोडीफार आहे आणि अडीनडीला विकायची वेळ सगळ्यांवर येते. एखाद्या समाजाची टिंगल करणारा फॉरवर्ड एजंट लावतो, तेव्हा त्या समाजातला माणूस काही बोलत नाही. तो नुसता दुसऱ्या एजंटाकडे जातो. एजंटाला वाटतं बाजार मंद आहे. पण मला धंद्याच्या तोट्यापेक्षा दुसरी शंका जास्त सतावते. ज्याचं स्टेटस असं, तो ‘अमक्यांना ही जागा दाखवू नको’ या विकणाऱ्याच्या सूचनेला कधी विरोध करेल काय? कोणी कुठे राहावं हे ठरवायची किल्ली एजंटाच्या हातात असते, ती अशा हातात असणं वाईट. आणि स्टेटस काय करू शकतं हे आपण लांब बघायला नको. ७ जून २०२३ ला घाटापलीकडे कोल्हापुरात मोबाइलवरच्या स्टेटसवरून जमाव रस्त्यावर आला, दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावं लागलं.

‘पोस्ट केलं नाही तर धंदा बसेल’ ही भीती खोटी नाही. तारकर्लीतल्या कितीतरी न्याहारी-निवासांकडे पर्यटक फोनवरचे व्हिडिओ बघूनच आले. चिपीचा विमानतळ २०२१ च्या ऑक्टोबरात सुरू झाला, पलीकडे गोव्यात मोपाचा झाला, आणि बाहेरचं गिऱ्हाईक वाढलं. ते गिऱ्हाईक टपरीवर येऊन चौकशी करणार नाही, फोनवरच करणार. मग फोनवर जागा दाखवा की. रस्ता आहे की नुसती पाणंद, पावसात व्हाळ किती चढतो, हिस्सेदार किती, बांधकाम होईल की नाही, हेही दाखवा. एखाद्याने ‘या जागेत घर बांधता येणार नाही, फक्त माडबाग करा’ असा व्हिडिओ टाकला तर त्या जागेचं गिऱ्हाईक कदाचित जाईल. पण पुढच्या जागेसाठी लोक त्यालाच फोन करतील, कारण असं बोलणारा दुसरा कुणी नसेल.

मराठीतल्या पहिल्या वृत्तपत्राचे, ६ जानेवारी १८३२ ला निघालेल्या ‘दर्पण’चे संपादक बाळशास्त्री जांभेकर याच जिल्ह्यातल्या पोंभुर्ल्याचे. पुढे १८६७ च्या कायद्याने छापील मजकुरावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव घालणं बंधनकारक झालं. हेतू सरकारचा होता, नियंत्रणाचा, हे उघड आहे. पण त्यातून एक चांगली सवय लागली. छापलं ते कुणीतरी आपल्या नावावर घ्यायचं आणि चुकलं तर दुरुस्ती छापायची. स्टेटस चोवीस तासांनी पुसलं जातं, दुरुस्ती कुणी करत नाही, आणि ‘फॉरवर्ड आला म्हणून टाकला’ एवढं म्हटलं की सुटका झाली असं आपण मानतो. ज्या जिल्ह्याने पहिला संपादक दिला त्या जिल्ह्यात गावोगाव प्रकाशक झाले आणि संपादक एकही उरला नाही, ही गोष्ट मला तरी बोचते.

एजंट मंडळींना माझी विनंती मोठी नाही. सगळ्या हिस्सेदारांचा होकार लेखी हातात आल्याशिवाय जागेचा फोटो लावू नका. खरेदीखताच्या फोटोत माणसं नकोत, कागद तर नकोच. भाव आणि बंधनं एकाच पोस्टमध्ये लिहा. ज्याच्यावर विनोद आहे त्याच्यासमोर हसता येणार नाही, असा विनोद पुढे पाठवू नका. पार्टी करा, खुशाल करा, पण मीटिंगची थाप मारून नको. तुमच्या नावावर नोंदणी क्रमांक असेल तर तो खात्यावर ठळक लावा, पुढाऱ्याबरोबरच्या फोटोपेक्षा ठळक.

आणि चाकरमान्यांनो, हे सगळं एजंटाच्या माथी मारून आपण मोकळे होत नाही. घरातल्या चौघांशी न बोलता ‘बघ कोण मिळता काय’ म्हणणारे आपणच. रीलला हृदय देणारे आणि खोटा फॉरवर्ड बघून गप्प राहणारेही आपणच. यंदा चतुर्थीला गावी जाल तेव्हा सगळे हिस्सेदार एका माजघरात असतील. जमिनीचं काय करायचं ते तिथे बोला, ठरलं तर कागदावर लिहा, मगच एजंटाला फोन करा. घेणाऱ्यांनी व्हिडिओवर भाळून इसार देऊ नये. सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतो आणि डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो. प्लॉट प्रकल्पातला असेल तर एजंटाची नोंदणी महारेराच्या संकेतस्थळावर तपासता येते. ती नसेल तर त्याच्याशी व्यवहार करू नका.