विकत घेतलेली वस्तु कोणाची?

वस्तूची किंमत चुकती झाली, वस्तु हातीं आली, म्हणजे विकणाराचें कर्तव्य संपलें, असा आपला सामान्य समज आहे. तांदळाच्या किंवा कापडाच्या व्यवहारांत तो खराहि आहे. कारण तांदूळ शिजवावा कसा, हें विकणारा लपवून ठेवूं शकत नाहीं. परंतु ज्या वस्तूचा उपयोग विकणाराजवळच्या गुपितावांचून होऊंच शकत नाहीं, अशी वस्तु विकून गुपित स्वतःजवळ ठेवणारास प्रामाणिक म्हणावें कीं नाहीं? प्रश्न शास्त्रचर्चेचा वाटेल. पण पेणच्या किंवा रोह्याच्या एखाद्या विद्यार्थ्याच्या टेबलावर तो आज प्रत्यक्ष येऊन बसतो.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० ह्या प्रणालीचा सर्वसाधारण आधार काढून घेतला. तिची पुढील आवृत्ति पुष्कळ जुन्या यंत्रांवर चालत नाहीं. यंत्र धड, घेणाराची ऐपत बेताची. तेव्हां तो लिनक्सकडे वळतो, हें योग्यच. लिनक्स बसतें, पडदा उजळतो, मराठी अक्षरें नीट दिसतात. फक्त वायफाय कोठें दिसत नाहीं. यंत्रांतील बिनतारी कार्ड जागच्या जागीं आहे. पण त्याच्याशीं बोलणारा जो ड्रायव्हर तो नाहीं, किंवा ड्रायव्हर आहे पण कार्डांत भरावयाचें फर्मवेअर नाहीं. तें आणावें कोठून? इंटरनेटवरून. आणि इंटरनेट यावें कशानें? त्याच कार्डानें! लग्न झाल्यावांचून वेड जात नाहीं, आणि वेड गेल्यावांचून लग्न होत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार. जाणता मनुष्य मोबाईल केबलनें जोडून त्याचें इंटरनेट यंत्राला उसनें देतो, ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा देऊन कार्ड कोणत्या घराण्याचें तें पाहतो, व हवी ती फाईल उतरवून घेतो. काम थोड्या वेळाचें. पण त्यामागें कित्येक वर्षांचा झगडा आहे.

ब्रॉडकॉम कंपनीच्या कार्डांचें उदाहरण घ्या. कार्डें बाजारांत मुबलक; पण त्यांशीं संभाषण कसें करावें ह्याचें वर्णन कंपनी देईना. तेव्हां कांहीं मंडळींनीं कामाची वांटणी अशी केली कीं, एका गटानें कंपनीचा बंद ड्रायव्हर उकलून कार्डाचें वर्तन साध्या भाषेंत लिहून काढावें, आणि दुसऱ्यानें तो ड्रायव्हर डोळ्यांनींहि न पाहतां केवळ त्या वर्णनावरून नवा रचावा. हेतु हा कीं, दुसऱ्याच्या लेखनाची एक ओळहि आपल्या लेखनांत येऊं नये. सोंवळ्यांतला स्वयंपाकी देखील इतकें जपत नसेल! हा ड्रायव्हर २००६ सालीं लिनक्सच्या गाभ्यांत आला. कंपनीनें आपल्या कांहीं नव्या कार्डांपुरता स्वतःचा खुला ड्रायव्हर दिला तो २०१० सालीं. जुन्या कार्डांचें फर्मवेअर इतरांनीं वांटण्यास मात्र परवानगी नव्हती. प्रत्येकानें तें कंपनीच्या बंद ड्रायव्हरमधून आपल्यापुरतें कापून काढावें, अशी सोय करावी लागली.

उत्पादकांच्या बाजूनें एक गोष्ट बोलली जाते, व ती आम्ही हलकी मानीत नाहीं. वायफाय म्हणजे अखेर रेडिओ. लहरी सर्वांच्या सामाईक. कोणीहि उठून आपल्या कार्डाची शक्ति वाढवूं लागला, तर शेजाऱ्याचें नुकसान व्हावयाचें. खरें आहे. पण मर्यादा पाळावयाची ती सर्वांस ठाऊक असलेल्या कायद्याची, गुपिताची नव्हे. लिनक्सवाल्यांनीं तर कोणत्या देशांत कोणत्या लहरी किती शक्तीनें वापराव्या ह्याचा तक्ताच उघड ठेवला आहे, व त्यांत भारताचेंहि कलम आहे.

रोह्याला कोकण रेल्वेचा मार्ग सुरू होतो. मुंबईकडून येणारी गाडी तेथें एका व्यवस्थेंतून दुसरींत शिरते, आणि डब्यांत आईच्या मांडीवर निजलेलें मूल जागेंहि होत नाहीं. कारण रुळांतील अंतर हें कोणाचें गुपित नाहीं. पेणहून गणपतीच्या कितीतरी मूर्ति कच्च्या, बिनरंगी बाहेरगांवीं जातात. त्यांचे डोळे तिकडचा कारागीर आखतो. आमच्याच माणसानें डोळे आखावे, नाहीं तर मूर्ति तशीच राहूं द्यावी, अशी अट पेणचा मूर्तिकार घालूं लागला, तर गिऱ्हाईक दुसऱ्या कारखान्यांत जाईल. कार्ड विकणारा तीच अट घालतो, व आपण मुकाट्यानें घेतों. कारण अट आपणांस दुकानांत सांगितलीच जात नाहीं. आमच्या मतें अन्याय आहे तो येथें. गुप्तता ठेवण्यांत तो जितका आहे, त्याहून ती आहे हें न सांगण्यांत अधिक आहे.

आतां दुसरी बाजू. रिचर्ड स्टॉलमन यांच्या पंथाचे लोक म्हणतात कीं, जें उघड नाहीं तें यंत्रांत घेऊंच नये. वायफाय न चाललें तरी बेहत्तर. (तेंच फर्मवेअर कारखान्यांत कार्डावर कायमचें कोरलेलें असल्यास त्यांस चालतें, हा भेद आम्हांस अद्याप नीटसा पटलेला नाहीं.) डेबियन मंडळींनींहि २०११ च्या आवृत्तींत लिनक्सच्या गाभ्यांतून बंद फर्मवेअर वगळलें होतें. निष्ठा थोर, पण तिची किंमत कोण देतो? ज्याच्याजवळ दुसरें यंत्र आहे तो नव्हे. जुन्या लॅपटॉपवर ज्याची सारी भिस्त, तो रोह्याचा विद्यार्थी देतो. आपल्या एकादशीचा उपवास शेजाऱ्यास घडविण्यासारखेंच हें झालें. २०२२ सालीं डेबियनच्या सभासदांनीं मतदान करून बंद फर्मवेअर अधिकृत स्थापना-संचांत घेण्याचें ठरविलें, व २०२३ च्या आवृत्तीपासून तें अमलांत आलें.

ह्यास कोणी शरणागति म्हणतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. कारण दुकानदारानें जें सांगितलें नव्हतें, तें सांगण्याचें बंधन ह्या फुकट देणारांनीं त्याच ठरावांत स्वतःवर घालून घेतलें. कोणतें फर्मवेअर यंत्रांत भरलें, त्यांतलें उघड कोणतें व बंद कोणतें, हें वापरणारास कळवावें, आणि त्याची नोंद त्याच्याच यंत्रांत ठेवावी, म्हणजे त्यास ती मागाहूनहि पाहतां येईल. ज्यास तें नकोच असेल, त्यास आरंभींच नाकारण्याची वाटहि ठेवलेली आहे.